पोत्यातली हाडं आणि काचेतला माणूस

१९९७ साल. माझं वय एकसष्ट, कॉलेजच्या कागदावर अठ्ठावन्न. एवढ्या वर्षांत मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली, पण माणूस आतून कसा असतो हे इंच न् इंच ठाऊक असलेला आणि माणूस बाहेरून कसा असतो हे काडीइतकंही ठाऊक नसलेला असा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे हाडांचे सर. त्यांना नाव होतं, खोलीच्या दारावर पाटी होती, पाटीवर नावापुढं चार-पाच पदव्या होत्या. पण बारामतीच्या मंडईपासून इंदापूरच्या स्टँडपर्यंत कुणालाही विचारा, 'हाडांचे सर' म्हटलं की माणूस हसायचा आणि हसता हसता आधी स्वतःचं मनगट मागं लपवायचा. मनगटाचं काय ते सांगतोच.

बारामती सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागलं आणि काटेवाडी मागं पडली, की उसाच्या पलीकडं आमचं वैद्यकीचं कॉलेज दिसायचं. सर तिथं शरीररचना शिकवायचे, म्हणजे कातड्याखाली देवानं काय काय आणि कुठं कुठं भरलंय ते. मी त्यांच्या हाडांच्या खोलीचा शिपाई. मी मूळचा कन्हेरीचा. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. कालव्याचं पाणी आल्यावर बापानं मेंढरं कमी केली, ऊस लावला. चौथीत गुरुजींनी माझ्या पाठीवर छडी मोडली म्हणून मी शाळा मोडली, ती कायमची. पण मेंढराची मोडलेली तंगडी बसवायचं कसब माझ्या हातात होतं, आणि तेवढ्यावर सरांनी मला कामाला घेतलं. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "आबा, मेंढीला फासळ्या किती?" मी म्हटलं, "येका अंगाला तेरा." सर खुर्चीतनं उठले, टेबलाला वळसा घालून आले, माझं मनगट धरलं आणि फार दुःखानं म्हणाले, "आपल्याला बाराच हो!" जसं काही ती एक फासळी मेंढीनं आपल्याकडून पळवली होती.

तर मनगट. सर नमस्कार करत नसत. माणूस भेटला की त्याचं मनगट धरायचं, अंगठ्यानं कोपरापर्यंत दाबत जायचं आणि मग बोलायला सुरुवात करायची, हा त्यांचा राम राम. "लहानपणी पडला होतात. बैलगाडीवरून?" असं ते भाजीवाल्याला विचारायचे, आणि भाजीवाला हातातला तराजू तसाच धरून म्हणायचा, "गाडीवरनं न्हाय, पर पडलोवतो खरा." त्यांचा स्वतःचा डावा हातही मोडलेला होता. त्यांचे वडील वालचंदनगरला कारखान्यात फिटर. तिथल्या कॉलनीत पेरू चोरताना सर भिंतीवरनं पडले. हाड जुळलं, पण जुळताना मनगटाच्या वर चार बोटांवर सुपारीएवढी गाठ राहिली. त्या गाठीचा त्यांना भारी अभिमान. "आबा, मी गेलो की मला जाळू नका, इथंच आणा. आणि हे हाड वेगळं ठेवा. जुळलेलं हाड कसं असतं ते मुलांना दाखवायला आपल्याकडे एकही नाही." हे ते चहा पिता पिता सांगायचे. मी लगेच साखरेचा विषय काढायचो.

चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. आमचे प्राचार्य रोज त्यांच्या समोरून यायचे आणि सर रोज नम्रपणे विचारायचे, "कोण आपण?" प्राचार्य रागानं पाठ फिरवून चालायला लागले की सर ओरडायचे, "अरे, प्राचार्य! माफ करा, चालण्यावरून ओळखलं." एकदा काटेवाडीला एका विद्यार्थ्याच्या भावाच्या लग्नाला आम्ही दोघं गेलो. नवरदेव मांडवात चालत आला, आणि वाजंत्री थांबायला आणि सर बोलायला एकच गाठ पडली. "नवऱ्या मुलाचा उजवा पाय अर्धा इंच आखूड आहे!" सगळ्या मांडवानं ऐकलं. नवरीचा मामा ताडकन उठला, "आमास्नी का न्हाय सांगितलं?" नवऱ्याकडची मंडळी बाह्या सरसावून पुढं. सरांना वाटलं, विषयात रस घेताहेत. तेवढ्यात नवरी आली, सरांनी तिचं चालणं पाहिलं आणि आनंदानं टाळी वाजवली. "काळजीचं कारण नाही! मुलीचा डावा आखूड आहे. दोघं हात धरून चालले तर अगदी सरळ चालतील." मग मात्र दोन्ही व्याही एक झाले आणि आम्हाला दोघांना न जेवता काढता पाय घ्यावा लागला. लग्न लागलं. ती दोघं पुढं बारामतीच्या बाजारात हात धरून चालताना मी पाहिली आहेत. सरळ चालत होती.

आमच्या घरी एकदा बायकोनं त्यांना मटणाला बोलावलं. जेवण झाल्यावर ताटात हाडं कशीही टाकणं सरांना सहन व्हायचं नाही. त्यांनी ती धुऊन, पुसून, ताटात बोकडाच्या अंगावर असतील तशी ओळीनं मांडली. मग बराच वेळ ताटाकडं पाहून मला बाजूला घेतलं. "आबा, वाईट वाटून घेऊ नका. पण या बोकडाला पुढचे दोन्ही पाय डावेच आहेत." मी म्हटलं, "खाटकानं दोन बोकडांचं मिळून दिलं आसंल." तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. बायकोनं मला आतनं विचारलं, "पाव्हणं मिठाला काय म्हनलं?" मिठाला काहीच म्हणाले नव्हते.

आणि इंदापूरचा तो प्रवास. तिथल्या शाळेतल्या मुलांना दाखवायला आमचा तारेनं जोडलेला अख्खा सांगाडा न्यायचा होता. मी म्हटलं, पेटीत घालून गाडीच्या टपावर टाकू. आता आठवडाभर माझ्याशी बोलणार नाहीत अशा नजरेनं सरांनी पाहिलं. "ते सामान आहे का?" त्यांनी सांगाड्याला चादर गुंडाळून खिडकीजवळ बसवलं, शेजारी स्वतः बसले आणि तीन पूर्ण तिकिटं मागितली. कंडक्टरनं चादरीचं टोक उचललं, आत पाहिलं, परत सोडलं आणि तीन तिकिटं फाडली. बाकावर जागा दोघांचीच. मी इंदापूरपर्यंत उभा.

आता पोत्याचं सांगतो, कारण सगळी गोष्ट पोत्यातच आहे. सरांची शिकवायची तऱ्हा जगावेगळी होती. पुस्तकातलं चित्र ते एकदा दाखवायचे आणि पुस्तक मिटायचे. मग माझ्याकडनं शिवून घेतलेल्या एका बारदानाच्या पोत्यात सगळी सुटी हाडं घालायची, विद्यार्थ्याच्या डोळ्यांना पट्टी बांधायची, आणि त्यानं पोत्यात हात घालून नुसत्या बोटांनी सांगायचं की हाड कुठलं आणि कुठल्या अंगाचं, डाव्या की उजव्या. "उद्या रोग्याच्या कातड्याखालचं तुम्हाला दिसणार आहे का?" सर म्हणायचे. "तिथं बोटंच डोळे." आमची मुलं असं काही पटापट सांगायची की सर खोलीत मागं-पुढं येरझाऱ्या घालत आणि स्वतःचीच गाठ कुरवाळत राहत.

रोज दुपारी तास संपला की डावी हाडं एका पोत्यात आणि उजवी दुसऱ्या पोत्यात परत लावून ठेवायचं काम माझं. मला काय कळणार डावं-उजवं? पहिल्याच वर्षी सरांनी स्वतः एकदा दोन ढीग करून दिले. तेव्हा मी माझी युक्ती केली. आमच्या घरी आपलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तर ओळखू यावं म्हणून त्याच्या डाव्या कानात लाल लोकरीचा दोरा ओवायची चाल. बायकोनं लोकर कातून रंगवून दिली, आणि मी डाव्या अंगाच्या प्रत्येक हाडाला असा बारीक दोरा बांधला. बोटांच्या पेरांनासुद्धा. दोरा असला की डावं, नसला की उजवं. पंधरा वर्षं चुकलो नाही. सरांनी ते दोरे रोज पाहिले, पण कधी एक शब्द विचारला नाही. माझं काहीतरी देवाधर्माचं असेल म्हणून ते गप्प बसले, हे मला फार उशिरा कळलं.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात संगणक आला. त्याला वेगळी खोली दिली, पडदे लावले, थंड हवेचं यंत्र बसवलं, नारळ फोडला. दारावर पाटी, 'चपला बाहेर काढा'. मला पहिला राग आला तो त्या पाटीचा. माझ्या खोलीत खरीखुरी माणसं, कुणाची तरी आई, कुणाचा तरी बाप. तिथं पोरं चिखलाचे बूट घेऊन यायची, आणि त्या खोक्याला सोवळं! मी सरांना म्हटलं, "ह्ये बराबर न्हाय." मला वाटलं सर माझ्या बाजूनं उभे राहतील. पण सर तिथं आधीच अनवाणी उभे. त्यांचं लग्न नव्यानं ठरल्यासारखा चेहरा. "आबा, चला, पाहा तर. कातडी काढता येते, स्नायू काढता येतात, आणि परत घालता येतात! परत घालता येतात हो! आपल्याला एवढ्या वर्षांत एकदा तरी परत घालता आलं का?"

"म्या न्हाय येनार," मी म्हटलं.

"का?"

"कोन हाय त्यो? मेला कवा? त्याच्या घरच्यांस्नी ठावं हाय का, त्याला हितं रोज सोलत्यात त्ये?"

सर विचारात पडले. "हे मी विचारलंच नाही," असं म्हणून त्यांनी खरोखर वहीत टिपून घेतलं. सरांचं हे असं. जगात फक्त तेच माझे प्रश्न टिपून घ्यायचे.

सरांनी मग नवीनच पद्धत काढली. सकाळी मुलं संगणकासमोर, दुपारी पोत्यापाशी. त्यांना दोन्ही हवं होतं. पण प्राचार्यांना एकच हवं होतं. त्यांनी एक दिवस सरांना, म्हणजे सरांच्या पाठीला, हाक मारून सांगितलं, "सर, जग कुठं चाललंय, आणि आपण पोत्यात हात घालतोय. हाडांची खोली बंद करू, तिथं आणखी संगणक ठेवू. हाडं पेट्यांत भरून गोदामात." सरांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुण्याहून परीक्षक बाई येताहेत, त्यांच्यासमोर मुलांची पोत्यातली परीक्षा घेऊ; त्यांना पटलं तर खोली ठेवा. प्राचार्यांनी मान डोलावली. "पटलं तर ठेवू. नाही पटलं तर जूनपासून कुलूप. मग तक्रार नको." दारात मी उभा होतो. कुलूप म्हटल्यावर माझा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. सरांना संगणकाची खोली तरी होती. मला ती खोली सोडून काय होतं?

परीक्षेला तीन दिवस राहिले असताना दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी वैऱ्याला बघायला गेलो. सर नेहमीप्रमाणं संगणक चालूच ठेवून डबा खायला गेले होते. वहाणा काढल्या, आत गेलो. काचेत एक सांगाडा उभा. पाय जमिनीला नाहीत, पाठ टेबलाला नाही, मधेच लोंबकळल्यासारखा, तळहात माझ्याकडं करून. मला काही उमगेना. बघता बघता मला एक शंका आली आणि ती मनातनं जाईना. याचा डावा हात कुठला? आता तुम्ही हसाल. पण मी जन्मभर मेंढरांच्या मागनं चाललो. मागनं चालणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, मेंढराचं डावं तेच आपलं डावं. आणि काचेतला माणूस मी जन्मात एकच पाहिलेला, रोज सकाळी दाढी करताना. मी माझा डावा तळहात काचेवर टेकवला, आरशावर टेकवावा तसा. आरशात डाव्या हाताला डावाच भिडतो. म्हणजे याचाही जो हात माझ्या डाव्याला भिडला तो डावा, असं मी धरलं.

मग मी माझ्या खोलीतनं लाल दोऱ्याचं मांडीचं हाड आणलं आणि काचेला लावून पाहिलं. त्याचा वरचा गोळा आत खुब्याकडं वळलेला असतो. माझं डावं म्हणून बांधलेलं हाड त्या चित्राच्या डाव्या मांडीला बसेना. उलटंच बसलं. त्याच्या उजवीला अगदी साच्यातनं काढल्यागत बसलं. दंडाचं आणलं, तेही तसंच. खांद्याचं आणलं, तेही. मला घाम फुटला, त्या थंड खोलीत. पंधरा वर्षं मी सगळे दोरे उलटे बांधले होते तर! सर सकाळीच म्हणाले होते, "आबा, या संगणकात एक टाचणीएवढीही चूक नाही." मी आयुष्यात कुणापुढं चूक कबूल केलेली नाही. बापापुढं नाही, गुरुजींपुढं नाही, बायकोपुढं तर नाहीच. पण त्या काचेपुढं केली. आणि माणसांत कुणाला कळू नये म्हणून पुढच्या दोन दुपारी, अभ्यासासाठी तास बंद होते तेव्हा, खोलीचं दार आतनं लावून एकूण एक दोरा सोडला आणि जोडीतल्या दुसऱ्या हाडाला बांधला. मला वाटलं, खोली वाचवली. मनात म्हटलं, बाईंच्या समोर सरांची अब्रू आता आपल्या हातात.

परीक्षक बाई ठेंगण्या, जाड चष्म्याच्या. सरांनी आल्या आल्या त्यांचं मनगट धरलं. त्यांनीही न गोंधळता सरांचं धरलं. मला तेव्हाच वाटलं, ही बाई आपल्यातली आहे. प्राचार्य खुर्चीत. मी दारात. पहिला मुलगा वर्गातला सगळ्यात हुशार. डोळ्यांना पट्टी, हात पोत्यात, क्षणात उत्तर. "मांडीचं हाड. उजवं."

हाड बाहेर आलं. सरांनी ते दोनदा उलटंपालटं केलं. "डावं आहे हे," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्यानं पायाचं हाड काढलं, "डावं" म्हणाला, ते निघालं उजवं. तिसरा चुकला. चौथा चुकला. पाचवा चुकला तेव्हा प्राचार्यांनी जूनची किल्ली खिशात असल्यासारखा खिसा चाचपला. आणि सर? सरांचा चेहरा उतरला होता, पण डोळे चमकायला लागले होते. "बाई, हे विलक्षण आहे! नुसता अंदाज ठोकला असता तरी पाचातले दोन-तीन बरोबर आले असते. पाचच्या पाच चुकायला अभ्यास लागतो!"

"सर," प्राचार्य म्हणाले, "अभ्यास करून चुकणारी मुलं आपल्याला नकोत."

सहावी काटेवाडीची एक मुलगी होती. कधी पुढं पुढं न करणारी, उत्तराला सगळ्यांत उशीर लावणारी. तिचा हात पोत्यात बराच वेळ फिरला. एकाच हाडावर तीनदा वरनं खाली गेला. आम्ही सगळे तिच्या कोपराकडं बघत होतो. मग ती म्हणाली, "दंडाचं हाड हाय. उजवं." आणि थांबून, "दोरा डाव्याचा हाय, सर. पर हाड उजवंच हाय."

हाड उजवंच होतं.

"दोरा?" सर म्हणाले. "दोऱ्याचा इथं काय संबंध?"

आधीची पाच मुलं फरशी बघायला लागली. मग बाईंनीच हाड हातात घेतलं, लाल लोकर बोटानं चाचपली आणि हसल्या. पंधरा वर्षं, सांगतो तुम्हाला, पंधरा वर्षं दर सालची पोरं हाड ओळखून दोरा चाचपायची आणि डावं-उजवं सांगायची. सरांना ठाऊक नाही आणि मलाही ठाऊक नाही. सर गोंधळून माझ्याकडं बघत म्हणाले, "पण ते तर आबांच्या नवसाचे दोरे आहेत!"

आता गप्प बसलो असतो तर बसता आलं असतं. पण सरांचं ते नवसाचं बोलणं मला लागलं. एवढी वर्षं तो माणूस माझा देव सांभाळत होता. मी पुढं झालो. "नवस-बिवस काय न्हाय. वळखायला खून म्हनून म्या बांधलं व्हतं. आन् बराबर बांधलं व्हतं. परवा बदललं. चूक माजी न्हाय बाई, त्या काचंतल्या मानसाची हाय."

सगळी वरात संगणकाच्या खोलीत गेली. सर काचेशेजारी माझ्याकडं तोंड करून उभे राहिले, अगदी त्या सांगाड्यासारखे, तळहात पुढं करून. "आबा, माझा डावा हात धरा." मी धरला. बोटाला गाठ लागली. "आता त्याचा धरा." माझा हात काचेवर गेला, सरांची गाठ होती त्याच बाजूला. काच थंड. डोक्यात काहीतरी गर्रकन फिरलं आणि जागेवर बसलं, आणि बसलं ते चांगलंच टोचलं.

"हा आरसा नाही, आबा," सर म्हणाले. "हा तुमच्यासमोर उभा राहिलेला पाहुणा आहे."

"मग आदी सांगायचं की," मी म्हटलं. "पाव्हन्याला राम राम तरी घातला आसता."

बाईंनी त्या मुलीला विचारलं, तुला कसं ओळखू आलं? ती म्हणाली, "काचंत समदं दिसतं, पर हाताला लागत न्हाय. पोत्यात हाताला लागतं, पर दिसत न्हाय. म्या सकाळी काचंत हाड फिरवून फिरवून बघायची, आन् दुपारी पोत्यात हात घातला की डोळ्याम्होरं त्येच फिरायचं. मग दोऱ्याची गरज लागंना." सर तिच्याकडं असे बघत होते, जसं काही त्यांना पहिल्यांदाच एखादा चेहरा दिसला.

बाई प्राचार्यांना एवढंच म्हणाल्या, "खोली राहू द्या. संगणक त्याच खोलीत हलवा, पोत्याच्या शेजारी. आणि दोरे काढा." प्राचार्यांनी पाटी कुठं लावायची असं विचारलं. चपलांची पाटी. "खोलीच्या दाराला," बाई म्हणाल्या. अशी माझी हाडंही सोवळ्यात आली.

दुपारी बाई गेल्यावर सर माझ्या स्टुलाशेजारी येऊन बसले. रागावतील म्हणून मी तयारीत होतो, उत्तरंही जुळवून ठेवली होती. ते रागावले नाहीत. पोत्याकडं बघत म्हणाले, "पंधरा वर्षं मी मुलांच्या बोटांकडे पाहत होतो आणि मला वाटत होतं, मी शिकवतोय." मग माझ्याकडं वळून, "आबा, तुम्ही स्वतः कधी पोत्यात हात घातलात?"

"न्हाय," मी म्हटलं. "मला दोरा व्हता की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं कॉलेजवर गेलो. झाडलोट केली, उदबत्ती लावली, वहाणा दाराबाहेर ठेवल्या आणि कात्रीनं सगळे दोरे कापले. पायाच्या बोटांचेसुद्धा. सगळी हाडं एका पोत्यात घातली, हलवली, स्टुलावर बसलो, डोळे मिटले आणि हात आत घातला. मांडीचं हाड हाती आलं, तेवढं कळलं. मग अंगठा आपोआप दोरा शोधायला गेला. दोरा नव्हता. वरनं खाली, खालनं वर फिरवून पाहिलं. डावं म्हणावं तर तसं, उजवं म्हणावं तर तसं. मागं सरांची पावलं वाजली, अनवाणी. माझा हात पोत्यातनं त्यांनीच अलगद बाहेर काढला आणि त्यात दुसरं हाड दिलं, कातडीसकट, ऊन ऊन. "हे कुठलं?" त्यांनी विचारलं. मी डोळे मिटलेलेच ठेवले. अंगठा दाबत वर गेलो. चार बोटांवर सुपारीएवढी गाठ लागली.

"डावं," मी म्हटलं.

"ही फसवणूक झाली, आबा. गाठ म्हणजे दोराच की."

"आसंल," मी म्हटलं. पण मी हात सोडला नाही, आणि त्यांनीही तो काढून घेतला नाही.